पलटणीची किक

नवरदेवानं बुंदीला हात लावला नव्हता.

पंगत केव्हाचीच बसली होती. पाटवडीचा रस्सा पत्रावळीवरून ओघळून सतरंजीला लागला होता. मे महिन्याच्या उन्हानं मांडवाचं कापड तापून खाली भट्टी झाली होती. आणि वरपक्षाची सगळी माणसं हात मांडीवर ठेवून मुकुंदच्या तोंडाकडे पाहत होती. मुकुंद मान खाली घालून बसला होता. नवरदेव रुसला होता.

रुसण्यात तसं वावगं काही नव्हतं. नवरदेवानं जेवताना रुसावं, मुलीच्या बापानं हात जोडून विचारावं, नवरदेवानं अंगठी नाहीतर घड्याळ मागावं आणि मग सगळ्यांनी हसत घास उचलावा, अशी रीतच होती. रुपराव भोयरांनी घड्याळ घेऊनही ठेवलं होतं. ते त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होतं आणि हातात तुपाचं भांडं होतं. भांडं खाली ठेवून त्यांनी घड्याळाची डबी पुढे केली.

मुकुंदनं डबीकडे पाहिलं नाही. त्याच्या शेजारी बसलेले त्याचे मामा, नत्थूजी, व्याह्यांकडे पाहून मिशीत हसले.

"घड्याळ काय गा इवाई, आजकाल कोणाच्याही हातात राहते. पोरगा कोराडीले सरकारी नोकरीत हाय. त्याच्या मनात काय हाय, ते पाहा ना."

मनात काय आहे ते पाहायला लांब जायला नको होतं. मुकुंदची नजर मांडवाबाहेरच्या कडुनिंबाकडे गेली होती. कडुनिंबाखाली पलटण उभी होती.

पलटण म्हणजे रुपरावांची मोटरसायकल. विलायती, पाचशे सीसीची, लढाईच्या वेळी गोऱ्या पलटणीसाठी आलेली. लढाई संपल्यावर ती कामठीच्या छावणीत गंजत पडली होती आणि पुढे लिलावात रुपरावांच्या हाती लागली. तिचा हिरवा रंग त्यांनी कधी बदलला नाही, म्हणून गल्लीतल्या पोरांनी तिचं नाव पलटण ठेवलं. आज लग्न म्हणून त्यांच्या मुलीनं, शामलानं, स्वतःच्या हातानं तिला धुऊन हँडलला आंब्याची पानं बांधली होती. ही पोरगी हळद लागलेल्या अंगानं गाडी धुते, म्हणून बायका हसल्याही होत्या.

रुपरावांना नत्थूजींचं बोलणं कळलं. कळून ते तसेच उभे राहिले. तोंडातून शब्द काढायचा कसा, याचा ते विचार करत होते आणि तेवढ्यात त्यांचे थोरले भाऊ मनोहरराव फेटा सावरत उठले. मनोहरराव गावाकडची शेती पाहत. घरचे कर्ते ते. लग्नाचा नारळ त्यांच्याच हातानं वाढवलेला.

"हात् तिच्या! एवढंच ना?" मनोहरराव सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले. "घेऊन जा जावईबापू. तुमचीच हाय गाडी. भोयरांच्या घरून जावई उपाशी उठला, असं आजवर झालं नाई. रुपराव, चाबी दे रे त्यायले!"

वरपक्षात टाळ्या पडल्या. मुकुंदनं बुंदीचा घास घेतला आणि पंगत सुरू झाली. वाढप्यांची धावपळ झाली, कोणीतरी मठ्ठा मागितला.

चाबी काही पलटणीला नव्हतीच. त्या काळच्या लष्करी गाड्यांना चाबी नसायची. ज्याला किक मारता येते त्याची गाडी. त्यामुळे चाबी हरवली, सापडत नाही, असलं साधं खोटंदेखील रुपरावांच्या नशिबात नव्हतं. नवरीच्या पाटावरून शामलानं मुंडावळ्या बाजूला सारून त्यांच्याकडे पाहिलं आणि अगदी थोडी, नाही म्हणायला हलवतात तशी, मान हलवली. ते त्यांनी पाहिलं. पाहूनही त्यांनी तुपाचं भांडं उचललं आणि पुढच्या पत्रावळीवर तूप वाढलं.

वरात गेल्यावर, मांडवात कुत्री शिरली तेव्हा, रुपरावांची बायको रुख्मिणी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुमच्या तोंडात बुंदी होती का हो?"

"दादा बोलून गेले. चार माणसात शब्द गेला."

"शब्द त्यायचा गेला. गाडी तुमची गेली." तिनं रागारागानं सतरंजी झटकली. "आयुष्यात येक वस्तू केली होती तुम्ही स्वतःची."

ते खरं होतं. रुपराव रेल्वे स्टेशनाजवळ टपाल छाटणीच्या कचेरीत होते. उभ्यानं काम. समोर कप्प्यांची भिंत, हातात पाकिटं, आणि दिवसभर गावांची नावं: अमरकंटक, जगदलपूर, पचमढी, लोणार, भेडाघाट. दुसऱ्या माणसाला त्या नावांचा कंटाळा आला असता. रुपरावांना ती गावं पाहायची होती. वर्षभर हातातून जाणाऱ्या एखाद्या नावावर त्यांचं मन बसायचं आणि दिवाळीनंतरची रजा आली की पलटणीच्या मागे वळकटी बांधून ते त्या गावाला जायचे. गावात जाऊन काही करायचे नाहीत. चहा प्यायचे, टपालपेटी कुठे आहे ते पाहायचे आणि परत यायचे. साहेबापुढे, दादापुढे, शेजाऱ्यापुढे हा माणूस कधी आवाज चढवून बोलला नाही. पण छिंदवाड्याच्या घाटात पलटणीवरून जाताना तो मोठ्यानं गात असे. हे फक्त शामलाला माहीत होतं. ती अकरा वर्षांची असताना तो तिला पचमढीला घेऊन गेला होता.

शामला तेव्हापासून पलटणीची झाली. प्लग साफ करायची, चेनला तेल द्यायची, आणि मोठी झाल्यावर किक मारायची. ती किक म्हणजे येरागबाळ्याचं काम नव्हतं. डाव्या हँडलवर एक छोटी लिव्हर होती, टायमिंगची. चालू करताना ती मागे ओढायची, इंजिन लागलं की हळूहळू पुढे न्यायची. कोणी विसरून लिव्हर पुढेच ठेवून किक मारली, तर इंजिन उलटं फिरायचं आणि किकचा दांडा बंदुकीच्या दस्त्यासारखा परत नडगीवर यायचा. पहिल्याच वर्षी रुपरावांना तो प्रसाद मिळाला होता. उजव्या नडगीवरची खूण अजून होती. शामलाला शिकवताना त्यांनी धोतर वर करून ती खूण आधी दाखवली होती आणि मगच तिला दांड्यावर पाय ठेवू दिला होता.

मुकुंदला शिकवायचं म्हणून रुपराव लग्नानंतरच्या रविवारी वाट पाहत बसले. मुकुंद आला नाही. 'चालवता येते मले' असा निरोप आला. टेम्पोत घालून गाडी कोराडीला गेली.

रुपरावांना राग आला नव्हता असं कोणी म्हणू नये. आला होता. पण लहानपणापासून राग गिळायची सवय, त्यामुळे तो पोटात जाऊन बसला. अन्न गोड लागेना. छाटणीच्या कचेरीत अमरकंटकची पाकिटं आली की ते न पाहता कप्प्यात फेकू लागले. एकदा मनोहरराव गावाहून आंबे घेऊन आले आणि जावयानं गाडीला कसा नवा हॉर्न बसवला ते कौतुकानं सांगत बसले. रुपरावांनी आंबा चोखला आणि 'बरं झालं' म्हटलं. रुख्मिणी आतून भांडी आदळत होती.

आषाढ लागला. पहिली आखाडी म्हणजे नव्या नवरीनं माहेरी यायचं, यात कोणाचं दुमत नसतं. रुख्मिणीनं कापण्या तळल्या, गल्लीत सांगून ठेवलं. शामला आली नाही. कोराडीहून येणाऱ्या एका कामगारानं निरोप आणला की सूनबाई जिन्यावरून घसरली, पायाला लागलं आहे, घाबरू नका.

"मी जातो," रुपराव म्हणाले, आणि कापण्यांचा डबा पिशवीत घालून बसमध्ये बसले.

कोराडीला पाऊस आणि राख एकत्र पडत होते. वीजकेंद्राच्या चिमण्यांतून निघालेली राख ओली होऊन झाडांवर, छपरांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसली होती आणि रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांनी तिचा काळा रबडा केला होता. वसाहतीतल्या सगळ्या इमारती सारख्याच. मुकुंदची इमारत रुपरावांनी नंबर न वाचता ओळखली, कारण जिन्याखाली पलटण उभी होती.

ते तिच्यापाशी थांबले. सीटवर लाल रेक्झिन चढवलं होतं, खाली झालर. टाकीवर हिरव्या रंगावर पिवळे पट्टे ओढले होते. हॉर्न बैलाच्या शिंगाएवढा. आणि चेन कोरडी, गंजलेली. बोट लावलं तर बोटाला तांबडं लागलं. रुपरावांनी टाकीवर हात ठेवला. हात उचलला तेव्हा राखेत पंज्याचा ठसा राहिला होता.

वर मुकुंदची आई मनकर्णाबाई दारातच होती. "या इवाईबुवा. अहो काय सांगू, जिना ओला होता..." ती बोलत राहिली. खोलीत खाटेवर शामला बसली होती. उजव्या पायाला गुडघ्याच्या खालपर्यंत प्लास्टर. चेहरा उतरलेला. बापाला पाहून ती हसली, पण उठू शकली नाही.

रुपरावांनी डबा खाली ठेवला. त्यांनी जिन्याची चौकशी केली नाही, डॉक्टर कोण हेही विचारलं नाही. ते प्लास्टरकडे पाहत होते. नडगी. उजवी. पुढून. जिन्यावरून घसरणाऱ्याचा घोटा मुरगळतो, कंबर धरते, मनगट मोडतं.

"लिव्हर कोणं सरकवली?" त्यांनी विचारलं.

मनकर्णाबाईचं बोलणं थांबलं. शामलानं दाराकडे पाहिलं, मग सासूकडे. मनकर्णाबाई पदर तोंडाशी धरून 'चहा टाकते' म्हणत स्वयंपाकघरात गेली.

"त्यायनं," शामला म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. रडली नाही. सांगताना खाटेच्या नवारीचं सुटलेलं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मुकुंदला किक मारता येतच नव्हती. पहिल्या दिवशी दोन-तीनदा मारून घाम फुटला, तेव्हा शामलानं मारून दाखवली आणि गाडी एका किकमध्ये लागली. ते काही त्याला आवडलं नाही. पण सगळ्या वसाहतीत सासरहून मोटरसायकल मिळाल्याचं सांगून झालं होतं, आता बसनं कामावर जाणार कसा? तेव्हा असं ठरलं की झुंजुमुंजू असताना, नळाला माणसं यायच्या आत, शामलानं बादलीचं निमित्त करून खाली जायचं, गाडी चालू करून द्यायची, आणि मुकुंदनं वर बसून भुर्रकन निघून जायचं. कोणाला काही कळायचं नाही.

"शिकून घ्या म्हटलं मी, बाबा. कितीदा म्हटलं. लिव्हर मागं, मंग किक, मंग पुढं. तुमी मले शिकवलं तसं. त म्हणे, बायकोपासून शिकू का आता?"

"मंग?"

"त्या दिवशी उठायले उशीर झाला. नळावर बाया आल्या होत्या. ते आधीच सीटवर जाऊन बसले, लवकर कर म्हणे, लवकर. मी लिव्हर मागं केली होती. मी पाय ठेवला, तेवढ्यात त्यायनं पुढं ढकलली. पुढं केली की जोर येते असं वाटलं त्यायले."

रुपरावांच्या कानात ते इंजिन उलटं फिरलं. तो आवाज त्यांना पाठ होता.

"मी खाली पडले. उठता येईना. त..." इथे पहिल्यांदा शामलाचा आवाज कापला, आणि तो दुःखानं कापला नाही. "त म्हणे, ऊठ ना, लोक पाहून राहिले."

रुपरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांचा गिळलेला राग एकदम वर आला आणि त्याला बाहेर पडायची वाट माहीत नव्हती. त्यांना मुकुंदचा राग आला. नत्थूजींचा, त्यांच्या मिशीचा राग आला. फेटा बांधून दुसऱ्याची वस्तू वाटणाऱ्या थोरल्या भावाचा आला. पण सगळ्यांत जास्त राग आला तो तुपाचं भांडं उचलणाऱ्या त्या माणसाचा. पोरीनं मान हलवली होती. त्यांनी पाहिली होती.

"चाल," ते उभे राहिले. "घरी चाल. मी रिक्षा पाहतो. अन् गाडीही नेतो."

"मी नाई येत."

"काहून?"

"अशी नाई येत. मोडक्या पायानं, लपतछपत काहून येऊ? मी काय चोरी केली? प्लास्टर निघू द्या, माह्या पायानं चालत येईन." ती थांबली. "अन् गाडीही नका नेऊ. तुम्ही नेली त मोठे बाबा फेटा बांधून येतीन, त्यायचे मामा येतीन, दिलेली वस्तू परत नेली म्हणून गाव गोळा करतीन. तुमी त्यायच्यापुढं उभे राहान अन् पुन्हा गप बसान."

हे बोलल्यावर तिलाच वाईट वाटलं. रुपरावांनी मात्र मान डोलावली. पोरगी खोटं बोलत नव्हती.

"त काय करू, सांग."

शामलानं खाटेखालची आपली पेटी बोटानं दाखवली. रुपरावांनी ती ओढून उघडली. लग्नातल्या साड्यांच्या खाली, शालूच्याही खाली, पलटणीच्या हत्यारांची खाकी गुंडाळी होती. लग्नाच्या गडबडीत ती हरवली असंच ते समजत होते.

"ह्या लोकायच्या हाती ठेवली असती त पाने इकडंतिकडं झाले असते," शामला म्हणाली. "बाबा, किक काढून न्या."

रुपराव तिच्याकडे पाहत राहिले. मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, त्यांच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं.

खाली येऊन ते पलटणीजवळ उकिडवे बसले. दांड्याच्या बुडाशी राखेचा थर बसला होता. तो नखानं खरवडून त्यांनी पाना लावला. बोल्ट जाम होता. त्यांनी सगळा जोर लावला, दात आवळले, आणि बोल्ट कुरकुरत फिरला. एवढ्यात संध्याकाळची बस लागली आणि कामावरून सुटलेली माणसं वसाहतीत शिरली. त्यांत मुकुंद होता. हातात डबा, खांद्याला पिशवी. सासऱ्याला गाडीपाशी पाहून तो आधी घाबरला आणि मग आजूबाजूला कोण कोण आहे ते पाहू लागला.

"मामाजी, हे काय करून राहिले तुम्ही?"

"किक काढून राहिलो."

"काहून?"

रुपराव उठले. दांडा त्यांच्या हातात सुटून आला होता. त्यांच्यात आणि जावयात फार अंतर नव्हतं, आणि मुकुंद एक पाऊल मागे सरकला. जिन्यात दोन बायका थांबल्या होत्या. सायकल लावणारा एक माणूसही थांबला होता.

"जावईबापू, गाडी तुमची," रुपराव म्हणाले. आवाज चढला होता; त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. "चार माणसात दिली, तिच्याबद्दल माह्यं काही म्हणणं नाई. ठेवा, सजवा, आणखी झालर लावा. पण किक माह्यी हाय. माह्या पोरीनं तिच्यावर पाय ठेवला, तिचं हाड मोडलं. आता तिच्यावर कोणी पाय ठेवणार नाई."

"अन् चालू कशी करू मी?"

"ढकलत न्या. उतारापर्यंत पळा अन् बसा वर." रुपरावांनी दांडा डब्याच्या रिकाम्या पिशवीत घातला. "लोक पाहतीन. पाहू द्या."

मुकुंदचा चेहरा पांढराफटक पडला. हे वाक्य कुठून आलं ते त्याला कळलं होतं.

रुपराव निघणार, तोच जिन्यातून मनकर्णाबाई खाली आली. आता ही काय बोलते म्हणून ते थांबले. तिनं हातातली जुन्या लुगड्याची चिंधी पुढे केली.

"हात पुसा इवाईबुवा. राख लागली." आणि मुलाकडे न पाहता ती परत वर गेली.

बातमी गावाकडे पोचायला उशीर लागला नाही. मनोहरराव पोळ्याच्या आधीच आले. चपला न काढता ओसरीवर बसले आणि तिथूनच सुरू झाले.

"दिलेल्या वस्तूचा पाय तोडून आणला म्हणे तू? नत्थूजी माह्या घरी येऊन बोलून गेला. रोज सकाळी पोरगा गाडी ढकलत पळते, लेकरं मागं धावतात. माह्या शब्दाची काही इज्जत हाय का नाई? भोयरांचं नाव..."

रुपराव चौकटीत उभे होते. नेहमी ते थोरल्या भावासमोर बसत नसत आणि बोलतही नसत. आज ते समोर येऊन बसले.

"दादा, तुम्ही तुमची कोणती वस्तू दिली?"

"म्हणजे?"

"बैलजोडी होती तुमची. दावणीले बांधली होती. फेटा होता डोक्यावर. त्यातलं काय दिलं?" रुपरावांचा आवाज वाढत गेला. समोरच्या घराच्या खिडकीत माणसं आली. "शब्द तुमचा, गाडी माह्यी, अन् हाड मोडलं माह्या पोरीचं! मान हलवत होती पोरगी. मी पाहिलं. मी गप बसलो, तुम्ही मोठे म्हणून. आता नाई बसत. नत्थूजीले सांगा, लय नामुष्की वाटत असन त जावयाले धक्का माराले तुम्ही दोघं जा!"

या भावाला आवाज आहे हे मनोहररावांना पन्नाशी उलटल्यावर कळत होतं. त्यांनी आधार म्हणून आतल्या दाराकडे पाहिलं. भावजय डोक्यावर पदर घेऊन चहा आणते, ही इतक्या वर्षांची रीत. रुख्मिणी दारात आली. डोक्यावर पदर होता, हातात चहा नव्हता.

"भाऊजी," ती म्हणाली, "पोरीच्या पायाचं एका शब्दानं विचारलं नाई तुमी. आल्यापासून वाट पाहून राहिले मी."

मनोहरराव उठले. फाटकापाशी जाऊन क्षणभर थांबले, बहुधा विचारावं की काय म्हणून. मग न विचारताच गेले.

त्यानंतर मुकुंद काही दिवस ढकलत पळाला. कधी इंजिन लागे, कधी लागत नसे. पावसानं राखेचा चिखल झाला की चाक नुसतं घसरे. मग त्यानं स्कूटरसाठी नंबर लावला, आणि नंबर यायला वर्षं लागत, म्हणून तो मुकाट्यानं कामगारांच्या बसनं जाऊ लागला. पलटण जिन्याखाली राहिली. तिच्या हँडलवर कोणी फडकी वाळत घालू लागलं.

दसऱ्याच्या सकाळी रुपरावांच्या गल्लीत जो तो आपलं वाहन धुवत होता. सायकली, एक स्कूटर, हमालाचा हातठेला. कडुनिंबाखाली तेलाचा जुना काळा डाग होता, तेवढा सोडून रुपरावांनी अंगण झाडलं. मग देवापुढे पाट मांडला. पाटावर किकचा दांडा ठेवला. त्याला हळदकुंकू लावलं आणि झेंडूची माळ वाहिली. रुख्मिणीनं पाहिलं आणि समईत तेल घातलं.

फाटक वाजलं. शामला आली होती. प्लास्टर निघालं होतं. बसथांब्यापासून ती चालत आली होती, उजव्या पायावर किंचित झुकत. मागे मुकुंद तिची पेटी घेऊन होता. त्यानं सासऱ्याला आपट्याची पानं दिली, वाकून नमस्कार केला. रुपरावांनी पानं घेतली आणि 'सुखी राहा' म्हटलं, कारण तो सण होता.

मुकुंद बसला नाही. पेटी ओसरीवर ठेवून तो घुटमळला.

"मंग, परत कधी येशील?" त्यानं शामलाला विचारलं.

"पाय पुरा बरा झाला की पाहू," शामला म्हणाली. "आले त किक घेऊन येईन. तुमाले शिकवीन. पण दिवसाउजेडी, नळावर बाया असताना. शिकान?"

मुकुंदनं पाटावरच्या दांड्याकडे पाहिलं. झेंडूच्या माळेकडे पाहिलं. 'येतो' म्हणून तो गेला.

"येईन का तो शिकाले?" रुख्मिणीनं विचारलं.

"त्यायचं त्यायले माहीत," शामला म्हणाली.

ती पाटासमोर पाय लांब करून बसली. मांडी अजून घालता येत नव्हती. दांड्याच्या टोकाचं रबर एका बाजूनं झिजलं होतं. आधी बापाच्या पायानं, मग तिच्या. तिनं त्यावरून अंगठा फिरवला.

"बाबा, गंज धरून राहिला बुडाशी. तेल नाई लावलं?"

रुपराव समईतलं तेल वाटीत घेऊन आले. शामलानं माळ बाजूला केली आणि बोटानं तेल घेऊन बुडापासून टोकापर्यंत दांड्याला लावलं, सावकाश, कुठे राहू न देता. बोटाला थोडं तेल उरलं. ते तिनं लुगडं जरा वर सारून आपल्या नडगीला चोळलं.

मग तिनं माळ पुन्हा दांड्यावर नीट ठेवली. गल्लीत कोणीतरी स्कूटरच्या चाकाखाली लिंबू फोडलं. रुपराव वाटी हातात घेऊन तिथेच उभे होते.